धडा पेपरातच छापलेला असतो!

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात धड्याचा उतारा छापून येतो. कविताही छापून येते. मुलाने ती तिथल्या तिथे वाचायची आणि खाली दिलेल्या कृती सोडवायच्या. धडा तोंडपाठ असल्याबद्दल अर्धा गुणही मिळत नाही. 'सविस्तर उत्तर लिहा' म्हणून दोन-दोन पानं भरून घेणारा जुना पेपर कधीच गेला. आताच्या पेपराला कृतिपत्रिका म्हणतात. सध्याची पुस्तकं २०१८ च्या जूनमध्ये आली आणि त्यांच्यावरची पहिली परीक्षा मार्च २०१९ मध्ये झाली. म्हणजे ही बातमी ताजी नाही, चांगली शिळी आहे.

मग पनवेलमध्ये अजूनही संध्याकाळी घराघरांतून 'पाठ झालं का?' हाच पुकारा का ऐकू येतो? पोरगं धड्याखालची उत्तरं डोळे मिटून का म्हणत बसतं?

कारण पेपर बदलला हे पालकांना दहा जणांनी सांगितलं, पण कसा बदलला हे एकानेही धड सांगितलं नाही. 'पॅटर्न बदललाय' हे दोन शब्द तोंडावर फेकले की पालक घाबरतो. घाबरलेला पालक खिशात हात घालतो. यावर खासगी क्लासचा एक अख्खा धंदा उभा आहे, आणि तो चालवणाऱ्यांना तुम्हाला पेपर कळायलाच नको आहे. एसटी स्टँडपासून नवीन पनवेलच्या पुलापर्यंत चालत जा आणि फ्लेक्स वाचा. गुणवंतांचे फोटो, टक्केवारी, सरांचा हाताची घडी घातलेला फोटो आणि खाली 'नव्या पॅटर्ननुसार परिपूर्ण तयारी'. हा नवा पॅटर्न म्हणजे काय, ते फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. लिहिलं तर चार ओळींत मावतं. आणि चार ओळींत मावणाऱ्या गोष्टीसाठी वर्षाची फी कोण भरेल?

मी त्या चार ओळी इथे लिहितो. फुकट.

मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी ही तृतीय भाषा असते. लेखी पेपर ८० गुणांचा. त्यात भाषाभ्यास १०, पुस्तकातले उतारे २०, कविता १०, न वाचलेले उतारे आणि त्यातच सारांशलेखन मिळून १५, पत्र-संवाद-बातमी-माहितीचं रूपांतर असं लेखन २०, आणि भाषांतर ५. उरलेले २० गुण तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे, ते शाळेच्या हातात. बस. संपला नवा पॅटर्न.

आता बेरीज करा. तुम्हाला बेरीज येते, आणि पालकांना बेरीज येते हेच या मंडळींना नको असतं. पुस्तकातल्या धड्या-कवितांवर ३० गुण. पुस्तक न उघडता सोडवायचे गुण ५०. त्या ३० गुणांचेही उतारे पेपरात समोर छापलेले. म्हणजे घोकंपट्टीला या पेपरात जागाच ठेवलेली नाही. ज्याने हा आराखडा केला त्याने काम चोख केलं आहे, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. वाचता येतं का, समजलेलं लिहिता येतं का, एवढंच हा पेपर विचारतो. एका मोठ्या शब्दातून छोटे शब्द काढा, शब्दांची साखळी पुरी करा, शब्द डिक्शनरीच्या क्रमाने लावा, तक्त्यातली माहिती परिच्छेदात लिहा. यातलं काय पाठ करणार?

तरीही पाठ करून घेतलं जातं! इथे बुद्धीची कमाल बघा. पेपरात 'पर्सनल रिस्पॉन्स' नावाची कृती असते. उतारा वाचून तुला काय वाटलं, तुझा अनुभव काय, ते दोन-चार वाक्यांत लिही. मुलाच्या मनात डोकावायची ही परीक्षेतली एकमेव फट. गाइडांनी तिचंही छापील उत्तर दिलं आहे. तुझं मत काय, तर पान अमुक, उत्तर क्रमांक तमुक. आमच्या आळीतली मुलं इंग्रजी घेऊन माझ्याकडे येतात. एका मुलीची वही मी बघितली. 'तुझ्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रसंग' या कृतीखाली तिने हिमाचलमधला बर्फ लिहिला होता. पोरगी कर्नाळ्याच्या पलीकडे कधी गेलेली नाही. मी विचारलं, 'अगं, हा बर्फ कुठून आणलास?' ती म्हणाली, 'सर, क्लासमध्ये सगळ्यांनी हाच लिहिलाय.' २६ जुलै २००५ च्या पुराच्या गोष्टी या मुलीने आजीकडून ऐकल्या आहेत. गावात पाणी कुठपर्यंत चढलं होतं, कुणाच्या घरात किती होतं, हे ती हातवारे करून सांगते. तिला मी तेच लिहायला लावलं. तिने मोडक्या इंग्रजीत सहा वाक्यं लिहिली. त्यात दोन चुका होत्या, आणि ती सहा वाक्यं त्या हिमाचलच्या बर्फापेक्षा शंभरपट मोलाची होती. पोरांच्या डोक्यातली आपली गोष्ट पुसून तिथे भाड्याचा बर्फ भरणारा माणूस स्वतःला शिक्षक म्हणवतो, याची मला चीड येते.

कवितेच्या रसग्रहणाचीही हीच गत. कवितेचं शीर्षक, कवी, यमकांची रचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना एवढे मुद्दे लिहायचे असतात. यमक बघायला ओळींची शेवटची टोकं बघावी लागतात, त्याला डोळे पुरतात. पण गाइडात प्रत्येक कवितेचं रसग्रहण तयार, आणि पोरं ते जसंच्या तसं गिळतात. रसग्रहण गिळायचं! संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मट आणि आनंदवर्धन यांनी ध्वनी, व्यंजना, रसनिष्पत्ती यांवर ग्रंथ रचले, आणि आमच्या क्लासवाल्यांनी त्याचा पाच गुणांचा काढा करून पोरांच्या नरड्यात ओतला.

आता पालकांना समजावून सांगण्याच्या त्या प्रसिद्ध कार्यक्रमाकडे येऊ. त्याला पालक सभा म्हणतात. नवीन पनवेलमधल्या एका शाळेच्या सभेत मी गेल्या वर्षी शेजारच्या ताईंसोबत बसलो होतो. ताई पोळी-भाजी केंद्र चालवतात. पहाटे चारला उठतात. त्या दिवशी डब्यांची वेळ कशीबशी सांभाळून आल्या होत्या. पदराला अजून कणीक लागलेली. समोर पडद्यावर एकामागून एक पाटी. 'कॉम्पिटन्सी बेस्ड असेसमेंट.' 'लर्निंग आउटकम्स.' 'हायर ऑर्डर थिंकिंग.' बोलणारे सर सुटाबुटात. मराठी माध्यमाची शाळा, समोर बसलेल्या पालकांत मराठी न कळणारा एकही नाही, आणि सर इंग्रजीत बोलतायत. मधूनच दया आली की 'म्हणजेच' म्हणायचे आणि पुन्हा इंग्रजीत शिरायचे. मराठीत आले तेव्हा तर आणखी वाईट: 'क्षमताधिष्ठित मूल्यमापनात अध्ययन निष्पत्तींचा साकल्याने विचार अभिप्रेत आहे.' माझ्या पुढच्या रांगेतल्या रिक्षावाल्या दादांनी शेजाऱ्याकडे बघितलं आणि मोबाइल काढला. त्यांना मी दोष देत नाही.

शेवटी ताईंनी हात वर केला. 'सर, मला इंग्रजी येत नाही. माझ्या पोराला घरी मी काय करून घेऊ?'

याहून चांगला प्रश्न त्या सभेत विचारता आला नसता. सगळी सभा त्या एका प्रश्नासाठी भरली होती. सर हसले. म्हणाले, 'ताई, तुम्ही नका टेन्शन घेऊ. इंग्रजी तुमच्याकडून व्हायचं नाही. चांगला क्लास लावा.'

ताई खाली बसल्या. मला त्या हसण्याचा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. कारण ते उत्तर उद्धट होतं, आणि वर साफ खोटं होतं. याच कृतिपत्रिकेतला शेवटचा प्रश्न काय आहे? इंग्रजी शब्द, वाक्यं आणि एखादी म्हण यांचं भाषांतर करा. कशात? मुलाच्या शिक्षणाच्या माध्यमात. म्हणजे मराठीत! पाच गुण. सरांनी ज्या बाईला 'तुमच्याकडून व्हायचं नाही' म्हटलं, तिच्या तोंडात यातला गुण बसलेला आहे. तिच्या मुलाला मी एका इंग्रजी म्हणीचा अर्थ विचारला: वाईट कारागीर आपल्या हत्यारांना दोष देतो. पोराला शब्दन् शब्द कळला. त्याला मराठी म्हण सुचेना. ताई स्वयंपाकघरातून ओरडल्या, 'अरे, नाचता येईना अंगण वाकडं!' एका क्षणात. पोळी लाटता लाटता. त्या सुटाबुटातल्या सरांनी वर्षभर पैसे घेऊन जे दिलं नसतं ते त्या बाईने हात न धुता दिलं.

हे एवढ्यावर थांबत नाही. सारांश काढणं म्हणजे काय? दहा वाक्यं ऐकून तीन वाक्यांत मुद्दा सांगणं. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकून कामवाल्या मुलीला एका वाक्यात सांगताना ताई दिवसभर हेच करतात. पोराला आधी मराठीत सारांश सांगायला लावा, मग इंग्रजीत लिहायला सांगा. निम्मं काम पहिल्या टप्प्यात होतं. माहितीचं रूपांतर म्हणजे तक्ता वाचून लिहिणं. पनवेल स्टँडवरच्या एसटीच्या वेळापत्रकावर ते शिकवता येतं. अर्ज, तक्रारपत्र, चौकशीपत्र यांत काय मागायचं, कुणाकडे मागायचं आणि कोणत्या क्रमाने सांगायचं, हे नगरपालिकेच्या काळापासून पाण्यासाठी अर्ज करत आलेल्या पालकांना कळत नाही? विचार मराठीत तयार झाला की इंग्रजीचं ओझं अर्ध्यावर येतं. हे पालकांना न सांगणं म्हणजे त्यांच्याच पोरापासून त्यांना तोडणं. मी हे फार मोठं पाप मानतो.

आणि 'इंग्रजीचा पेपर' म्हणजे एकच पेपर, हा तरी भ्रम कुणी दूर केला आहे का? कामोठ्यातली कोणतीही सोसायटी घ्या. पहिल्या मजल्यावरचं पोरगं मराठी माध्यमात: इंग्रजी तृतीय भाषा, पुस्तक 'माय इंग्लिश कोर्सबुक'. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी राज्य मंडळाच्याच इंग्रजी माध्यमात: इंग्रजी प्रथम भाषा, पुस्तक 'इंग्लिश कुमारभारती'. तिसऱ्या मजल्यावरचा सीबीएसईत: 'फर्स्ट फ्लाइट' आणि 'फूटप्रिंट्स विदाउट फीट' ही दोन पुस्तकं; पेपरात वाचन २०, लेखन-व्याकरण २०, साहित्य ४०. चौथ्या मजल्यावरची सेमी-इंग्रजीवाली. तिचं गणित-विज्ञान इंग्रजीत, पण इंग्रजीचा पेपर पहिल्या मजल्यावरच्यासारखाच तृतीय भाषेचा. तिच्या वडिलांना हे माहीत नाही. ते दुसऱ्या मजल्यावरून गाइड उसनं आणतात. खाली पार्किंगमध्ये चौघांचे वडील भेटतात आणि 'यंदा इंग्रजीचा पॅटर्न बदललाय म्हणे' यावर एकमत करतात. कुणाचा? कुठला? चौघांपैकी एकालाही विचारावंसं वाटत नाही, कारण विचारायचं कुणाला हेच ठाऊक नाही. संध्याकाळी त्याच पार्किंगवरून चौघांची पोरं एकाच क्लासला जातात आणि एकाच बाकावर एकाच नोट्स उतरवून घेतात!

त्यात सीबीएसईने २०२६ पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा केली. फेब्रुवारीतली सक्तीची, मे मधली ऐच्छिक, आणि ऐच्छिक परीक्षेत जास्तीत जास्त तीन विषयांचे गुण सुधारता येतात. हा बदल फक्त सीबीएसईचा. राज्य मंडळाच्या मुलाचा याच्याशी संबंध नाही. त्याच्यासाठी जुलैच्या सुमाराची पुरवणी परीक्षा २०१५ पासून आहे. पण व्हॉट्सॲपवर बातमी फिरली ती 'दहावी आता दोनदा' अशी, आणि माझ्या ओळखीच्या एका मराठी शाळेतल्या मुलाने फेब्रुवारीला 'ही ट्रायल आहे' म्हणत अभ्यास सोडून दिला. त्याला त्याच्या शाळेने, मंडळाने, शिक्षण खात्याने, कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर? एक वाक्य! एवढंही फार झालं का?

आता खुद्द राज्य मंडळाकडे वळू. पुण्यात मुख्यालय, पनवेलसाठी विभागीय कार्यालय वाशीला, हार्बर लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर. हे मंडळ आणि त्याच्यावरचं सरकार मिळून स्वतःशीच कसं भांडतं, त्याचा नमुना शाळेच्या हातातल्या त्या २० गुणांत आहे.

शाळा तोंडी परीक्षेचे गुण खैरातीसारखे वाटतात, अशी ओरड होती. ओरड खरी होती. म्हणून नव्या अभ्यासक्रमाबरोबर भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि मार्च २०१९ चा पेपर सगळाच लेखी झाला. निकाल लागला ७७.१० टक्के. आदल्या वर्षी ८९.४१ होता. हाहाकार! सीबीएसई-आयसीएसईची मुलं शाळेकडचे २० गुण घेऊन अकरावीच्या रांगेत पुढे उभी, आणि राज्य मंडळाची मागे. पालकांची ही तक्रार रास्तच होती. शिक्षणमंत्री विनोद तावडे यांच्या काळात काढलेले गुण आशिष शेलार मंत्री होताच ऑगस्ट २०१९ मध्ये परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही, हेही धरायला हवं. पण आकडे नीट बघा: बारा टक्के खाली, मग अठरा टक्के वर. मुलांचं इंग्रजी एका वर्षात घसरलं आणि पुढच्या वर्षी झेपावलं, असं कोणता शहाणा म्हणेल? पोरं तशीच, शिक्षक तेच. बदलली ती मुख्यतः मोजायची काठी.

माझं मत विचाराल तर २० गुण राहिलेच पाहिजेत. भाषा कानाने आणि तोंडाने येते. तीन तासांच्या लेखी पेपरात ऐकणं-बोलणं तपासता येत नाही. पण मग ते खरोखर तपासा ना! मुलाला समोर बसवा, एक उतारा वाचून दाखवा, दोन प्रश्न विचारा, त्याला दोन मिनिटं बोलू द्या. हे किती शाळांत होतं? मुलांना विचारा. 'तोंडी परीक्षा कधी झाली?' यावर ती एकमेकांकडे बघतात. गुण मात्र अठरा, एकोणीस, वीस. आणि उत्तीर्ण व्हायला दोन्ही मिळून ३५ लागतात. शाळेकडून १८ आले की लेखीत ८० पैकी १७ मिळवून पोरगं पास! पालक पेढे वाटतात. अकरावीच्या वर्गात मॅडम इंग्रजीत दोन वाक्यं बोलतात आणि हे पोरगं खिडकीबाहेर बघतं. फसवणूक कुणाची झाली? ज्याला वीसपैकी वीस दिले त्याचीच. त्याला दहा मिळाले असते आणि का मिळाले ते सांगितलं असतं, तर फेब्रुवारीपर्यंत काही करता आलं असतं.

अचूकतेच्या बाबतीत मंडळाचा दरारा मोठा. स्वल्पविराम चुकला, गुण गेला. मग २१ फेब्रुवारी २०२३ आठवा. बारावीचा इंग्रजीचा पेपर, लाखो मुलं, राज्यभर एकच कागद. कवितेच्या विभागात तीन उपप्रश्नांच्या जागी प्रश्नच नव्हते! तपासणाऱ्यांसाठीचा मजकूर मुलांच्या पेपरात छापला गेला होता. पेपर काढणारे, तपासणारे, मुद्रितं वाचणारे, एवढ्या चाळण्यांतून हे निसटलं. मंडळाने अटी घालून सहा गुण दिले आणि विषय मिटवला. पोरगं पहिल्याच पेपरात त्या जागेकडे बघत किती मिनिटं गोठलं असेल, त्याची भरपाई कोणत्या गुणांत होते? सहा गुण वाटून मोकळं झालेलं मंडळ उत्तरपत्रिकेतला अर्धा गुण कापायला मात्र कचरत नाही.

त्याच वर्षी आणखी एक बदल झाला आणि तो चांगला होता. पेपर फुटू नये म्हणून प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी द्यायची पद्धत बंद केली, आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली. कृतिपत्रिकेसारख्या वाचायच्या पेपरात ही दहा मिनिटं सोन्याची. पण किती मुलांनी घरी घड्याळ लावून सराव केला आहे की ही मिनिटं नेमकी कशावर घालवायची? माझ्याकडे येणारी मुलं ती पेपर सजवण्यात घालवतात, समास आखतात, शीर्षकाखाली रंगीत रेघा मारतात. कारण क्लासमध्ये 'प्रेझेंटेशनला गुण असतात' असं सांगितलेलं असतं. वाचा रे बाबांनो, उतारा पुन्हा वाचा!

पुढचं तर आणखी अजब आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणायचं वेळापत्रक आलं. पहिली २०२५-२६ मध्ये, आणि दहावीची पाळी २०२८-२९ मध्ये. त्याच कागदात पहिलीपासून हिंदी सक्तीची होती. महाराष्ट्र पेटला. १७ जूनला सुधारित निर्णय आला. २९ जूनला मुख्यमंत्र्यांनी दोन्ही निर्णय रद्द केल्याचं जाहीर केलं आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अडीच महिन्यांत तीन पवित्रे! हिंदीची सक्ती गेली हे उत्तमच झालं. पण आज सातवीत असलेल्या मुलाच्या आईने दहावीचा पेपर कसा असेल हे कोणत्या कागदावर शोधायचं? ज्यांना स्वतःचा शासन निर्णय अडीच महिने टिकवता येत नाही, ते मुलांच्या इंग्रजीतल्या सातत्यावर व्याख्यानं देतात.

तेव्हा पनवेलकरांनो, यांच्या भरवशावर बसू नका. पेपर तुमच्या आवाक्यात आहे. मंडळाचा मूल्यमापन आराखडा मागून घ्या. शाळेकडे तो असलाच पाहिजे. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुलाला रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला एक छोटा परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा. मग 'काय लिहिलंय, मराठीत सांग' म्हणा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी पोरगं अडखळतंय का, थापा मारतंय का, हे तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. बाप म्हणून, आई म्हणून ते कसब कुठल्याच क्लासवाल्याकडे नाही. आणि टक्केवारीची भीती घालणाऱ्याला सांगा की राज्य मंडळात २०१० पासून उत्तम पाच विषयांची टक्केवारी धरतात. इंग्रजीत गुण थोडे कमी पडले तर टक्केवारी कोसळत नाही. पास मात्र व्हावंच लागतं.

शाळांनीही एक काम करावं, आणि ते आजच्या आज करता येतं. एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत पेपराचे भाग आणि गुण लिहून फाटकाशेजारच्या फळ्यावर लावावेत. पोळी-भाजीवाल्या ताई येता-जाता वाचतील. रिक्षावाले दादा मोबाइलवर फोटो काढतील. याला प्रोजेक्टर लागत नाही, सूट लागत नाही, पाहुणा वक्ता लागत नाही. पान फळ्यावर लागलं नाही तर मुख्याध्यापकांना लेखी विचारा, आणि उत्तरही लेखी मागा.

पुढच्या पालक सभेत पडद्यावर पहिली पाटी झळकण्याआधी उभे राहा. तीनच गोष्टी विचारा. माझ्या मुलाचा इंग्रजीचा पेपर प्रथम भाषेचा की तृतीय? त्याची तोंडी परीक्षा कोणत्या तारखेला आणि कोण घेणार? वीसपैकी त्याला किती मिळाले, आणि जे कापले ते कशासाठी? आणि सर हसले, तर त्यांना सांगा की उत्तर मिळेपर्यंत तुम्ही बसणार नाही.